एका कुत्र्यापासून घराणे : श्वानपैदाशीतील 'लाइन' घडते कशी?

तारीख ३ एप्रिल १८९९. जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील कार्ल्सरूह शहरात श्वानांचे प्रदर्शन भरले होते. घोडदळात कॅप्टन म्हणून सेवा केलेले मॅक्स फॉन स्टेफनिट्झ हे गृहस्थ आपल्या स्नेह्यासह तेथे आले होते. त्यांच्या नजरेस एक कुत्रा पडला. मध्यम बांधा, पिवळट-करडा रंग, ताठ कान आणि लांडग्यासारखी चाल. वय अवघे चार वर्षांचे. मेंढ्या राखणे त्याला कुणी शिकवले नव्हते, ते त्याच्या रक्तातच होते. स्टेफनिट्झ यांनी तो कुत्रा जागेवरच विकत घेतला आणि त्याचे 'हेक्टर लिंक्सऱ्हाइन' हे नाव बदलून 'होरांड फॉन ग्राफ्राथ' असे ठेवले. पुढे १९ दिवसांनी, २२ एप्रिल रोजी, जर्मन शेफर्ड श्वानांसाठी संस्था स्थापन झाली. तिच्या वंशनोंदवहीत पहिल्या क्रमांकावर नोंद झाली ती होरांडचीच.

पुण्या-मुंबईतील बंगल्यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी असते. त्या पाटीमागे अनेकदा जो 'अल्सेशियन' भुंकत असतो, त्याची वंशावळ मागे नेत गेल्यास ती या एका कुत्र्यापाशी येऊन पोहोचते. ('अल्सेशियन' हे नावही गमतीचेच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्द नकोसा झाला, म्हणून त्यांनी फ्रान्सच्या सीमेवरील अल्सास प्रांताचे नाव या कुत्र्याला दिले. ब्रिटनमध्ये मूळ नाव अधिकृतपणे परत आले ते १९७७ मध्ये. आपल्याकडे मात्र ब्रिटिशांनी दिलेले नाव अजून टिकून आहे.)

श्वानप्रेमींच्या बोलण्यात 'अमक्याची लाइन', 'तमक्या केनेलचे ब्लड' असे शब्द सहज येतात. पिलाच्या किमतीतही या शब्दांचा वाटा मोठा असतो. मात्र ही लाइन म्हणजे नेमके काय, ती कशी घडवली जाते आणि तिची किंमत कोण मोजते, याची माहिती पिलू घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते.

जात वेगळी, घराणे वेगळे

हिंदुस्थानी संगीतात राग तोच असला तरी किराणा घराण्याची गायकी वेगळी आणि जयपूर घराण्याची वेगळी. श्वानांच्या बाबतीत जात आणि लाइन यांचे नाते काहीसे असेच आहे. जर्मन शेफर्ड ही जात. त्या जातीत एखाद्या पैदासकाराने वर्षानुवर्षे निवड करून असा एक गट तयार केला, की जाणकाराने लांबूनच पाहून 'हा त्यांच्याकडचा' असे ओळखावे, तर ती झाली त्याची लाइन. डोक्याचा आकार, चालण्याची ढब, अनोळखी माणसाकडे पाहण्याची नजर, आवाजाला न दचकण्याचा स्वभाव या गोष्टी त्या गटात पिढ्यान् पिढ्या सातत्याने उमटतात. सर्वांत महत्त्वाचे हे सातत्यच. एखादे देखणे पिलू योगायोगानेही जन्माला येते. आठपैकी सहा पिले एकसारखी निपजतात, तेव्हा मात्र त्यामागे कुणाची तरी अनेक वर्षांची नोंदवही असते.

स्टेफनिट्झ यांच्यापुढे तर जातच तयार नव्हती. त्या काळी जर्मनीत मेंढपाळांचे कुत्रे प्रांतोप्रांती निरनिराळे होते. थुरिंगियातील कुत्रे ताठ कानांचे, चपळ आणि लांडग्यासारख्या करड्या रंगाचे. व्ह्युर्टेंबर्गमधील कुत्रे आकाराने मोठे, जड हाडांचे, झुपकेदार शेपटीचे आणि चालीला उत्तम, परंतु त्यांचे कान अनेकदा पडलेले. एकीकडे रूप, दुसरीकडे बळ आणि चाल. दोन्ही एका कुत्र्यात आणायचे होते.

हे का आणायचे, याचे उत्तर मेंढपाळाच्या कामात होते. जर्मनीतील शेतांना कुंपणे नव्हती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे पीक आणि मधल्या पट्ट्यात मेंढ्यांचा कळप. पिकाच्या कडेने दिवसभर दुडक्या चालीने येरझाऱ्या घालून कुत्र्यानेच जिवंत कुंपण व्हायचे. मेंढीने पिकात तोंड घातले की तिला परतवायचे, पण जखम करायची नाही. अशा कामासाठी कमी श्रमात लांब पल्ला कापणारी चाल हवी, मजबूत पाठ हवी आणि धन्याने हाक मारण्याआधी परिस्थिती ओळखणारे डोके हवे. सौंदर्याची व्याख्या स्टेफनिट्झ यांनी या कामातून काढली. उपयोग आणि बुद्धी आधी, रूप त्यामागोमाग, हा त्यांचा आग्रह अखेरपर्यंत राहिला.

रक्तात रक्त मिसळण्याचे गणित

होरांडची पिले अनेक माद्यांपासून झाली. त्यात व्ह्युर्टेंबर्गच्या रक्ताच्या मोरेस या मादीपासून झालेला हेक्टर फॉन श्वाबेन हा नर सर्वांत सरस निघाला. १९०० आणि १९०१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने जातीतील सर्वोच्च किताब पटकावला. येथवर स्टेफनिट्झ यांनी दोन प्रांतांचे रक्त एकत्र आणले होते. पुढची पायरी वेगळी होती. हेक्टरचा संबंध थेक्ला फॉन डेर क्रोन या मादीशी घडवून आणण्यात आला. थेक्लाही होरांडचीच मुलगी, म्हणजे हेक्टरची सावत्र बहीण. या जोडीपासून झालेले बेओवुल्फ आणि पिलट हे नर पुढे जर्मन शेफर्डच्या असंख्य वंशावळींचे आधारस्तंभ ठरले.

सामान्य वाचकाला हे वाचून खटकेल. पैदासकाराच्या दृष्टीने मात्र यामागे स्पष्ट कारण असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. दोन्ही प्रती सारख्या असल्या तर तो गुण पुढच्या पिढीत खात्रीने उतरतो. वेगळ्या असल्या तर कोणती प्रत पिलाकडे जाईल, हा नाणेफेकीचा मामला. आईवडिलांचा पूर्वज एकच असला की सारख्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते आणि गुण 'पक्का' होऊ लागतो. एखाद्या गुणी पूर्वजाचे नाव वंशावळीत दोन्ही बाजूंनी पुनःपुन्हा येईल अशा बेताने जोड्या लावणे, यालाच 'लाइन ब्रीडिंग' म्हणतात. फार जवळच्या नात्यात जोड लावली की तेच 'इनब्रीडिंग' होते. दोहोंत फरक मात्रेचा आहे, प्रकाराचा नाही. अनेक पैदासकार पहिला शब्द अभिमानाने उच्चारतात आणि दुसरा टाळतात, ही सोयीस्कर भाषा आहे.

ही मात्रा मोजण्याचे सूत्र अमेरिकी शास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये मांडले. त्यानुसार सख्ख्या भावंडांच्या अथवा बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या पिलात २५ टक्के जनुकजोड्या एकाच पूर्वजाकडून दोन्ही बाजूंनी आलेल्या असण्याची शक्यता असते. सावत्र भावंडांच्या बाबतीत ती १२.५ टक्के आणि सख्ख्या आते-मामे भावंडांच्या बाबतीत ६.२५ टक्के असते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न करण्याची रीत होती, तेथेही हाच ६.२५चा आकडा लागू होतो. श्वानांच्या वंशावळीत मात्र हे एका पिढीपुरते थांबत नाही. दर पिढीला थोडे थोडे रक्त पुन्हा त्याच घरात येते आणि आकडा साचत जातो. तीन पिढ्यांच्या कागदावर निर्दोष दिसणारी जोडी दहा पिढ्यांच्या नोंदी तपासल्या की जवळची नातेवाईक निघते.

आणि येथेच घोडे पेंड खाते. चांगल्या जनुकाची प्रत जशी दुहेरी होते, तशी वाईट जनुकाचीही होते. प्रत्येक प्राण्यात काही सदोष जनुके सुप्तावस्थेत असतात. एकच प्रत असेल तोवर दुसरी निरोगी प्रत काम भागवते आणि कुत्रा पूर्णपणे धडधाकट दिसतो. असा दोष दडवून बसलेला एखादा देखणा नर किताब जिंकतो, त्याच्याकडे माद्यांची रीघ लागते आणि त्याची शेकडो पिले होतात. त्यातील साधारण निम्मी पिले तो दोष नकळत पुढे नेतात, पण आजारी कुणीच दिसत नाही. पैदासकार खूश, गिऱ्हाईक खूश. संकट उगवते ते दोन-तीन पिढ्यांनंतर. त्या नराची नातवंडे आणि पतवंडे एकमेकांशी जोडली जातात आणि दोष वाहणाऱ्या दोन कुत्र्यांच्या संकरातून सरासरी चारात एक पिलू आजार घेऊन जन्मते. तोवर तो दोष जातीच्या कानाकोपऱ्यांत पसरलेला असतो. मूळ नर तर केव्हाच मरून गेलेला असतो.

१९२५चा निवाडा

स्टेफनिट्झ यांना या धोक्याची जाणीव होती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शेफर्डला जगभर मागणी आली. युद्धभूमीवर त्याचे काम पाहिलेले सैनिक ही पिले मायदेशी घेऊन गेले आणि अमेरिकेत 'रिन टिन टिन' या कुत्र्याने मूकपटांचा पडदा गाजवला. मागणी वाढली तशी घाऊक पैदासही वाढली. कुत्रे उंच, चौकोनी आणि स्वभावाने बुजरे होऊ लागल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. १९२२ पासून जर्मनीत पैदाशीयोग्य कुत्र्यांची प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. बांधा, स्वभाव आणि वंश पाहून कोणत्या नराचा कोणत्या मादीशी संबंध इष्ट वा अनिष्ट, याचा लेखी सल्ला मालकाला दिला जाऊ लागला.

१९२५च्या वार्षिक प्रदर्शनात स्टेफनिट्झ यांनी त्याहून धाडसी पाऊल उचलले. तत्कालीन आवडीचे उंचपुरे नर बाजूला सारून क्लोडो फॉन बॉक्सबेर्ग या तुलनेने बुटक्या, लांबट आणि लांब टांग टाकणाऱ्या नराला त्यांनी सर्वोच्च किताब दिला. एका माणसाच्या एका निर्णयाने जातीची दिशा बदलली. पैदासकारांनी क्लोडोकडे धाव घेतली आणि पुढे तो अमेरिकेलाही गेला. आजचा जर्मन शेफर्ड जसा दिसतो, त्याची सुरुवात अनेक अभ्यासक त्या दिवसापासून मानतात.

उंचीचा दोष सुधारला, हे खरे. परंतु एकाच नराच्या मागे सगळ्यांनी जाण्याची जी सवय जातीला होरांडपासून होती, ती याही निवाड्याने मोडली नाही, उलट पक्की केली. आणि ज्या दुडक्या चालीचा जन्म शेताच्या बांधावर झाला होता, ती आता प्रदर्शनाच्या रिंगणात शोभेची वस्तू बनली. शेतावरच्या कुत्र्याची चाल संध्याकाळपर्यंत टिकते की नाही, हे मेंढपाळ पाहत असे. रिंगणातील परीक्षक ती काही मिनिटेच पाहतो. मग लांब टांगेसाठी मागच्या पायांचा कोन वाढवा, पाठीचा उतार वाढवा, अशी चढाओढ पुढच्या दशकांत सुरू झाली. २०१६ मध्ये ब्रिटनमधील 'क्रफ्ट्स' या ख्यातनाम प्रदर्शनात जातीतील सर्वोत्तम ठरलेल्या मादीला धड चालताही येत नसल्याचे दूरचित्रवाणीवर दिसले, तेव्हा तिकडे मोठा गदारोळ झाला. पोलीस आणि सैन्यदलांनी तर केव्हाच 'वर्किंग लाइन' म्हणून ओळखली जाणारी सरळ पाठीची वेगळी घराणी पसंत केली होती. जात एक, पण प्रदर्शनाचा कुत्रा आणि कामाचा कुत्रा यांच्यात आज इतके अंतर पडले आहे की नवख्याला त्या दोन जाती वाटाव्यात.

स्टेफनिट्झ यांना हे पाहावे लागले नाही. नाझी राजवटीत, १९३५ मध्ये, त्यांना आपणच स्थापन केलेल्या संस्थेचे अध्यक्षपद सोडावे लागले. पुढच्या वर्षी २२ एप्रिललाच, म्हणजे संस्थेच्या स्थापनादिनी, त्यांचे निधन झाले.

खुब्याचे दुखणे आणि आंधळ्यांची काठी

जर्मन शेफर्डचे नाव ज्या आजाराशी जोडले गेले, तो म्हणजे खुब्याच्या सांध्याचा दोष, 'हिप डिस्प्लेशिया'. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत घट्ट बसत नाही. सांधा झिजतो आणि ऐन उमेदीत कुत्रा मागचे पाय ओढू लागतो. हा एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुके, पिलाचे वजन, आहार आणि व्यायाम या सर्वांचा त्यात भाग असतो. म्हणूनच आईवडिलांचे खुबे उत्तम असूनही पिलू सदोष निघते आणि पैदासकार हात वर करून 'नशीब' म्हणतो.

परंतु नशिबावर न विसंबता काय करता येते, याचे उदाहरण अमेरिकेतील 'द सीइंग आय' या संस्थेने घालून दिले आहे. न्यू जर्सीमधील मॉरिसटाउन येथील ही संस्था अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करते. एका कुत्र्याच्या प्रशिक्षणावर मोठा खर्च होतो आणि त्याच्या पायांवर एका माणसाचे फिरणे अवलंबून असते. लंगडा कुत्रा तेथे परवडणारा नव्हता. संस्थेने आपल्या घरच्या पैदाशीत केवळ त्या कुत्र्याचा क्ष-किरण फोटो पाहून निर्णय न घेता त्याची भावंडे, पिले आणि इतर नातेवाईक यांच्या सर्व नोंदी एकत्र करून प्रत्येकाचे 'पैदासमूल्य' गणिताने काढले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाचपेक्षाही कमी पिढ्यांत त्यांच्या जर्मन शेफर्डमधील खुब्याच्या दोषाचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्रॅडॉरमधील प्रमाण ३० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले.

या आकड्यांकडे नीट पाहायला हवे. जातीला शतकानुशतकांचा शाप असल्यासारखे जे बोलले जात होते, ते पाच पिढ्यांत निम्म्याहून खाली आले. त्यासाठी लागल्या त्या फक्त प्रामाणिक नोंदी आणि देखण्या पण वाईट नोंदीच्या कुत्र्याला पैदाशीबाहेर ठेवण्याची तयारी. ही तयारीच सर्वांत अवघड, कारण तो कुत्रा बहुधा घरातला सर्वांत लाडका असतो.

बाहेरचे रक्त नको रे बाबा

कधी कधी मात्र घरातल्या घरात निवड करून काहीच साधत नाही. डाल्मेशियन या ठिपकेदार कुत्र्याचे तसे झाले. पैदासकारांनी गडद, स्वच्छ कडांचे ठिपके मिळवण्यासाठी निवड केली आणि त्या ओघात संपूर्ण जातीत एक सदोष जनुक दुहेरी झाले, असे मानले जाते. परिणामी या कुत्र्यांच्या लघवीत युरिक अ‍ॅसिडचे प्रमाण फार वाढते आणि विशेषतः नरांना मूतखड्याचा त्रास होतो. निरोगी जनुक जातीत उरलेच नव्हते, तर निवडणार कोठून?

अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये एका डाल्मेशियनचा संकर पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी केला. त्यातून झालेल्या पिलांपैकी निरोगी जनुक असलेले पिलू निवडायचे, त्याची जोड पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशी लावायची आणि असे पिढ्यान् पिढ्या करत राहायचे. दर पिढीला पॉइंटरचे रक्त निम्मे होते. पाचव्या अशा संकरापर्यंत ते सरासरी दोन टक्क्यांच्याही खाली जाते, पण हवे असलेले एक जनुक मात्र जपून ठेवलेले असते. १९८१ मध्ये अमेरिकी केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंदणी केलीही. मात्र डाल्मेशियन पाळणाऱ्यांच्या संघटनेतून 'हे शुद्ध नाहीत' असा विरोध झाला आणि पुढील नोंदणी थांबली. त्यानंतर सदोष जनुक नेमके कोणते, हे २००८ मध्ये सिद्ध झाले आणि अखेर २०११ मध्ये दारे उघडली. एका पॉइंटरला स्वीकारायला ३८ वर्षे लागली. दरम्यान किती कुत्रे मूतखड्याने तळमळले असतील, याचा हिशेब कुठल्या वंशनोंदवहीत नाही.

मुधोळच्या राजांचा वारसा

हे सारे परदेशातले झाले. आपल्या दारात काय आहे?

मुधोळ म्हटले की मराठी वाचकाला बाजी घोरपडे आणि शहाजीराजांची कैद आठवते. आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असलेल्या या संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील शिकारी कुत्र्यांकडे लक्ष दिले. परिसरातील बेडर समाजाकडे अरुंद डोक्याचे, खोल छातीचे, पोट आत ओढलेले आणि वाऱ्याच्या वेगाने ससा गाठणारे कुत्रे होते. मालोजीरावांनी त्यातील निवडक कुत्रे गोळा करून पद्धतशीर पैदास केली. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली आणि तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते.

हाच कुत्रा मराठवाड्यापासून उत्तर कर्नाटकापर्यंतच्या गावांत 'कारवान' किंवा 'कारवानी' म्हणून ओळखला जातो. व्यापाऱ्यांच्या काफिल्यांबरोबर आलेल्या पश्चिम व मध्य आशियाई शिकारी कुत्र्यांचे हे वंशज, असा समज या नावामागे आहे. कान-शेपटीवर रेशमी केसांच्या झालरी असलेल्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया 'कॅराव्हॅन हाउंड' या नावाने नोंद करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' या नावाने. एकाच कुत्र्याची दोन नावे आणि दोन दप्तरे, असा हा आपला खास कारभार.

या कुत्र्याच्या वाट्याला अलीकडे मानसन्मान बरेच आले. टपाल खात्याने २००५ मध्ये काढलेल्या चार देशी श्वानजातींच्या तिकिटांत मुधोळचा समावेश होता. कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाने मुधोळ तालुक्यातील तिम्मापूर येथे श्वान संशोधन केंद्र उभारले. २०१६च्या सुमारास लष्कराने मेरठ येथील केंद्रात या कुत्र्यांना प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्रे पाळण्याचे आवाहन करताना मुधोळचे नाव घेतले आणि पिलांची चौकशी एकदम वाढली.

आता प्रश्न उभा राहतो तो स्टेफनिट्झ यांच्यापुढे होता तोच. हा कुत्रा कशासाठी? मेंढपाळाला जसे कळप राखणे ही कसोटी होती, तशी या कुत्र्याची कसोटी माळरानावरची धाव होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याबरोबर निवडीची जुनी फूटपट्टीही गेली. तिच्या जागी नवी न आल्यास उरतो तो फक्त दिखाऊपणा. उंची आणखी हवी म्हणून किंवा बांधा भरदार दिसावा म्हणून परदेशी हाउंडचे रक्त गुपचूप मिसळायचे आणि पिलू 'प्युअर मुधोळ' म्हणून विकायचे, हा मोह मागणी वाढली की बळावतो. डाल्मेशियनच्या प्रयोगात बाहेरचे रक्त उघडपणे, नोंद ठेवून, एका ठराविक हेतूने आले होते. येथे ते आले तर कोणत्या पिढीत, कोठून आणि किती आले, हे पुढच्या पैदासकाराला कळण्याची सोय नाही.

देशी जातींच्या बाजूने एक जमेची बाब आहे. गावोगावच्या या कुत्र्यांत अद्याप विविधता शिल्लक आहे. त्यांच्यातील सुप्त दोष अजून एखाद्या 'चॅम्पियन' नराच्या मागे सगळीकडे पसरलेले नाहीत. दहा निरनिराळ्या गावांतील नर राखून, त्यांची आळीपाळीने जोड लावून लाइन घडवली तर जे जर्मन शेफर्डचे झाले ते टाळता येईल. त्याऐवजी प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या एकाच नरासाठी रांग लावली, तर ही विविधता काही पिढ्यांतच संपेल. कुत्र्याची एक पिढी साधारण तीन-चार वर्षांची, तेव्हा ही मुदत फार लांबची नाही.

पिलू घेण्यापूर्वी

कायद्याने आता पैदासकारावर काही बंधने घातली आहेत. केंद्र सरकारच्या २०१७च्या नियमांनुसार पैदासकाराला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी आणि ८ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पिले घेता येत नाहीत. वर्षातून एकाहून अधिक वेळा आणि आयुष्यात पाचहून अधिक वेळा तिची वेण होऊ देता येत नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकण्यास मनाई आहे. शहरातील किती विक्रेते हे पाळतात, ते पिंजऱ्यात मांडलेली महिन्याभराची पिले पाहून कुणालाही समजेल.

पिलू घेणाऱ्याच्या हातीही थोडी सत्ता आहे. पिलाची आई दाखवा, म्हणावे. तिचा स्वभाव बुजरा असेल तर पिलाचाही तसा असण्याची शक्यता बरीच. मोठ्या जातींत आईवडिलांच्या खुब्यांचे क्ष-किरण फोटो मागावेत. वंशावळीच्या कागदावर एकच नाव किती वेळा आणि किती जवळ आले आहे, ते मोजावे. यापूर्वीची पिले कोठे आहेत आणि ती कशी निघाली, हे विचारावे. खरा पैदासकार या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तोच गिऱ्हाइकाला घर केवढे, दिवसभर घरी कोण असते, असे प्रश्न विचारतो आणि पिलू जन्मभर त्याच्या माहितीत राहावे असे पाहतो, कारण त्या पिलाचे पुढे काय झाले ही माहितीच त्याचे भांडवल असते.

हे भांडवल साठायला वेळ किती लागतो, याचा हिशेब सोपा आहे. पस्तिशीत एका चांगल्या मादीपासून सुरुवात केली, तर पासष्टीपर्यंत हाताशी आठ-दहा पिढ्या येतात. नियमांत राहून एका मादीपासून जास्तीत जास्त पाच वेळा पिले मिळणार. प्रत्येक वेळी सहा-सात धरली तर तीस-पस्तीस. त्यातील बहुतेक पिले घरगुती पाळीव म्हणून जाणार, आणि पुढची पिढी घडवण्यासाठी पैदासकाराने स्वतःजवळ ठेवावीत अशी एक किंवा दोन.